वारंगा फाट्याहून कंधारची सफर

नांदेड, हिंगोली आणि नागपूरकडचे रस्ते जिथे एकत्र येतात तो वारंगा फाटा. हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात. इथे पाहायला म्हणून कोणी येत नाही. इथून पुढे कुठेतरी जायचे असते आणि जाता जाता थांबायचे असते. थांबण्याचे कारणही ठरलेले, ते म्हणजे खिचडी. वारंगा फाट्याच्या खिचडीचे नाव आसपासच्या तीन-चार जिल्ह्यांत झाले आहे. ट्रकवाला असो, एस.टी.चा कंडक्टर असो, वऱ्हाडाची जीप असो की आजाऱ्याला नांदेडच्या दवाखान्यात घेऊन निघालेले घर असो, गाडी फाट्यावर उभी राहते, पिवळी धमक वाफाळती खिचडी समोर येते, वर तळलेली मिरची, आणि पाच मिनिटांत माणूस पुढच्या वाटेला लागतो.

आमचे गाव याच फाट्यापासून जवळ. त्यामुळे आमची प्रत्येक सफर फाट्यावरून सुरू होते. दिवाळीच्या सुट्टीतली ही सफरही तशीच सुरू झाली, पण तिचे निमित्त मात्र फार दूरचे होते.

मुलांचे मामू मदिन्याला नोकरीला आहेत. त्यांनी मोबाइलवर मदाइन सालेहचे फोटो पाठवले. लालसर डोंगर, डोंगरात कोरलेले उंचच उंच दरवाजे आणि चारी बाजूंना वाळू. आमचा धाकटा पाचवीत आहे. त्याने ते फोटो पाहिले आणि घरात जाहीर केले, "मला पडकं शहर बघायचंय." आम्ही विमानाच्या तिकिटाचा हिशेब केला, मग जीपच्या भाड्याचा केला आणि म्हणालो, "पडकंच बघायचं ना? मग कंधारला जाऊ."

त्याचा परिणाम असा झाला की दुसऱ्या दिवशी साऱ्या गल्लीत बातमी पसरली, हे लोक अफगाणिस्तानला चालले! एका शेजारणीने तर दादींना विचारले, "इतक्या वयात कायकू जा रहे?" धाकट्याला बरेच समजावले की हे कंधार आपल्या नांदेड जिल्ह्यातले, तालुक्याचे गाव. नावाचा हा घोळ मात्र आजचा नाही. मोगलांच्या दरबारी लेखकांनाही दोन कंधार वेगळे सांगावे लागत. अफगाणिस्तानातले ते कंदहार आणि आपले ते दक्षिणेतले, दख्खनचे कंधार.

आम्ही दोघे, तीन मुले, मुलांची दादी आणि फुफी अशी सात माणसे जीपमध्ये बसली. फुफींच्या पिशवीत मेथीचे पराठे, उकडलेली अंडी आणि लोणच्याची बरणी होती. तरीही फाट्यावर गाडी थांबलीच. "घरचं घरी, खिचडी फाट्यावर," असा आमच्याकडचा नियमच आहे. पुढे अर्धापूरच्या केळीच्या बागा लागल्या, नांदेडला गोदावरी ओलांडली, लोह्याला चहा झाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. बाया ओटीत कापूस वेचत होत्या. धाकटा खिडकीतून वाळू शोधत होता.

कंधारला पोहोचलो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "उंट कुठंय?"

किल्ल्याच्या खंदकाकाठी एक मावशी शेळ्या राखत उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकले. लांब कानांची एक शेळी पुढे ढकलून म्हणाल्या, "हे घे बाबा, आमच्याकडचा उंट. बस वर." शेळी काही बसू देईना. पण त्या क्षणापासून मावशींची आणि आमची ओळख झाली. "कुठून आलाव?" "वारंगा फाट्याकडून." "मग खिचडी आणलाव का नाही?" इतक्या लांबवरही आमच्या गावाची ओळख हीच!

कंधारचा किल्ला डोंगरावर नाही, सपाटीवर आहे. म्हणून त्याला राखायला पाणी घातलेले. भोवती रुंद खंदक, त्यात हिरवट पाणी, आणि पाण्यातून वर आलेली काळ्या दगडांची तटबंदी. मदाइन सालेहला वाळूचा वेढा, कंधारला पाण्याचा. धाकट्याला आधी जरा वाईट वाटले, पण एका दगडावरून बेडकाने खंदकात उडी मारली आणि वाळवंट तो विसरून गेला.

आत शिरल्यावर जो तो आपापल्या कामाला लागला. थोरली दहावीत आहे, तिला उर्दू वाचता येते. दरवाज्यांवर आणि बुरुजांवर अरबी-फारसी अक्षरांचे शिलालेख आहेत, ते वाचण्याचा तिने चंग बांधला. चार अक्षरे लागत, पाचव्याला अडत असे. मधल्याने प्रत्येक बुरुजावर उभे राहून आपला फोटो काढून घेतला. फुफी सावली शोधत होत्या. आणि दादी?

दादींची एक सवय आहे. कोणाच्याही घरी गेल्या, मग ते नवे लग्नघर असो की बंगला, त्यांचे दोन प्रश्न ठरलेले, पाणी कुठून येते आणि चूल कुठे आहे. लाल महालाच्या पडक्या भिंतींपुढे उभ्या राहून त्यांनी तेच विचारले. "महाल तर महाल, पण इथं रांधायचे कुठं? पाणी कोण भरायचं?" महालात एक कोरडा हौद होता. दादींनी काठीने त्याच्या तळाचा पाला बाजूला सारला, आत पाहिले आणि म्हणाल्या, "हं, होतं म्हणजे."

तिथे राखणीला असलेले एक गृहस्थ आमच्यासोबत फिरू लागले. भिंतींवर खिळ्याने कोरलेली नावे त्यांनी आम्हाला दाखवली, नावांच्या मध्ये बदामाची चित्रे. "मतदार यादी बरी, इतकी नावं तिच्यातबी नसतील," ते म्हणाले. "राजानं नाव कोरलं तर शिलालेख होतो, म्हणून ह्यांनाबी वाटतंय आपलंबी व्हावं." मग खंदकाकडे बोट दाखवून म्हणाले, "नावं पुसता येतात. त्या पाण्यात बाटल्या टाकतेत, त्याचं काय करावं?" खंदकाच्या कडेला कुरकुऱ्यांच्या रिकाम्या पिशव्या तरंगत होत्या. मधल्याने आपल्या हातातली रिकामी पिशवी हळूच घडी करून खिशात घातली. ती आम्ही पाहिली नाही असे दाखवले.

किल्ल्यात एका जागी जुन्या मूर्ती, कोरीव खांब, भंगलेले दगड ठेवलेले आहेत. थोड्या अंतरावर जुनी मशीद. थोरलीने विचारले, "मग हा किल्ला नक्की कोणाचा?"

याचे उत्तर सोपे नाही. राष्ट्रकूट राजांचे हे महत्त्वाचे ठिकाण. तिसरा कृष्ण, ज्याने 939 ते 967 पर्यंत राज्य केले, त्याचे नाव या किल्ल्याशी जोडले जाते. पुढे दिल्लीच्या सुलतानांचा अंमल आला, मग बहामनी आले, अहमदनगरची निजामशाही आली. निजामशाहीतच मलिक अंबरचा काळ येतो. तो हबशी देशातून गुलाम म्हणून आला आणि दख्खनचा कारभारी झाला. 1631 मध्ये शाहजहानच्या फौजेने कंधार घेतले. त्यानंतर हैदराबादच्या आसफजाहींचे राज्य, आणि 1948 पासून आपले. इतके सगळे आम्ही थोरलीला सांगत असताना शेळ्यांच्या मावशी दरवाज्यातून आत आल्या होत्या. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला, "किल्ला सरकारचा. शेळ्या माझ्या."

दुपारी आम्ही हजरत हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्यावर गेलो. सय्याह म्हणजे प्रवास करणारा. प्रवासाला निघालेल्या आमच्यासारख्यांना हे नाव आपले वाटावे असेच आहे. वजू केला, जोहरची नमाज पढली, फातिहा पढली. बाहेर एका म्हाताऱ्या चाचांच्या टपरीवर चहा घेतला. चाचांनी चहाचे पैसे घेतले, पण पाण्याचा जग स्वतः आणून ठेवला. आम्ही पाण्याची बाटली विकत मागितली तर म्हणाले, "बाटली है, बेचता भी हूँ. मगर ये माठ का पानी पियो पहले. दर्गे पे आनेवाले को पानी पूछना हमारे वालिद के वक्त से चला आता." मग फुफींच्या पिशवीतला दस्तरखान तिथेच उलगडला आणि चाचांना मेथीचा पराठा खावा लागला. नक्को नक्को म्हणत त्यांनी तीन खाल्ले. लोणच्याची बरणी तर आम्ही तिथेच ठेवून आलो.

चाचांनीच आम्हाला तलावाकडे पाठवले. "किल्ला देखे, अब समंदर देखो," असे ते म्हणाले, तेव्हा धाकट्याने आमच्याकडे संशयाने पाहिले. आधी अफगाणिस्तान, मग उंट, आता समुद्र! पण कंधारच्या तलावाचे नाव खरोखरच तसे आहे, जगत्तुंग समुद्र. राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद (793 ते 814) याला जगत्तुंग अशी पदवी होती, त्याचे हे नाव. म्हणजे हा तलाव बाराशे वर्षांच्या जवळपास जुना.

संध्याकाळ होत आली होती. पाण्यावर बगळे उतरत होते. काठावर म्हशी पाण्यात बसल्या होत्या, फक्त नाकपुड्या वर. एक बाबा सायकल धुत होते. दादी काठावरच्या दगडावर बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "इथं तर अजून चालू आहे."

आम्हाला त्यांचे म्हणणे समजायला जरा वेळ लागला. दिवसभर आम्ही जे पाहिले ते सगळे बंद पडलेले होते. महालाला छत नाही, हौद कोरडा, बुरुजांवर गवत. ज्यांनी बांधले त्यांचे वंश गेले, त्यांच्याकडून ज्यांनी घेतले त्यांचेही गेले. आणि ज्या राजाने हा तलाव राखला त्याच्या पाण्यात मात्र आजही कोणाची तरी म्हैस बसली आहे. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळचा एक शिलालेख सापडला आहे. त्यात या जगत्तुंगसमुद्राचे नाव येते, देवळांची नावे येतात आणि आल्यागेल्याला जेवू घालण्यासाठी केलेल्या अन्नछत्राची सोयही नोंदलेली आहे. अन्न आणि पाणी! दादींचे दोन्ही प्रश्न हजार वर्षांपूर्वी कोणीतरी दगडावर लिहून ठेवले होते, उत्तरासकट.

तिथूनच मदिन्याच्या मामूंना फोन लावला. धाकट्याने तक्रार केली की इथे वाळू नाही. मामू हसले आणि त्यांनी मदाइन सालेहची जी गोष्ट सांगितली ती आपल्यापैकी बहुतेकांनी कुरआनच्या वर्गात ऐकलेली असते, पण त्या तलावाच्या काठावर ती नव्याने ऐकल्यासारखी वाटली.

मदाइन सालेह म्हणजे कुरआनातले अल-हिज्र, समूद लोकांचे गाव. आज तिथे दिसणारे कोरीव दरवाजे साधारण 2000 वर्षांपूर्वीच्या नबाती लोकांच्या थडग्यांचे आहेत असे पुरातत्त्वाचे अभ्यासक सांगतात. जॉर्डनमधले पेट्राही याच लोकांचे. वाळवंटात शहर वसवता आले ते त्यांना पाणी सांभाळता येत होते म्हणून. पेट्राला डोंगरात कोरलेले पाट आणि टाक्या आहेत, अल-हिज्रला शंभराहून जास्त विहिरी आहेत. 2008 मध्ये ही जागा जागतिक वारसा यादीत गेली, सौदी अरबस्तानातली पहिलीच.

समूद त्याहून जुने. डोंगर कोरून घरे करणारे, हुशार, बलवान लोक. हजरत सालेह (अ.) त्यांच्याकडे पैगंबर म्हणून आले. अल्लाहची निशाणी म्हणून एक उंटीण दिली गेली आणि अट घातली गेली ती पाण्याची. एक दिवस पाणी उंटिणीचे, एक दिवस तुमचे. एवढेच. पाळीचे पाणी, शेतकऱ्याला कळते तसे. पण त्यांना एका मुक्या जनावराची पाळीही सोसली नाही. त्यांनी उंटिणीला मारले आणि मग त्यांच्यावर जे यायचे ते आले. मजबूत घरे तशीच राहिली, राहणारे राहिले नाहीत.

हिजरीच्या नवव्या वर्षी तबूकला जाताना प्रेषित हजरत मुहम्मद (स.) या गावावरून गेले. सोबतच्यांना त्यांनी सांगितले की इथून जायचे तर रडत, धडा घेत जा. इथल्या विहिरींचे पाणी पिऊ नका. ज्यांनी त्या पाण्यात कणीक भिजवली होती त्यांना ती उंटांना घालायला सांगितली, आणि पाणी घ्यायचे तर त्या विहिरीचे घ्या जिथे उंटीण येत असे. हे ऐकून धाकटा गप्प झाला. मग त्याने विचारले, "म्हणजे सगळ्या विहिरी नको, फक्त उंटिणीची चांगली?" मामू म्हणाले, "हो. जी वाटून घेतली होती ती."

कुरआन आपल्याला पुन्हा पुन्हा सांगतो की जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा. फिरणे आपण हल्ली बरेच करतो, पाहणे मोबाइलला करू देतो. पडक्या जागी गेलो की आपल्या मनात पटकन येते, हे आमचे की त्यांचे. थोरलीने विचारले ते चूक नव्हते, इतिहास कळायलाच हवा. पण कंधारला त्या प्रश्नाचे उत्तर देता देता सात राजवटी मोजाव्या लागल्या आणि शेवटी शेळ्यांपाशी येऊन थांबावे लागले. दादींचा प्रश्न जास्त कामाचा निघाला. इथे पाणी कुठून येत होते आणि ते कोणाकोणाला मिळत होते, हे विचारले की किल्ला राष्ट्रकूटांचा असो, निजामशाहीचा असो, लगेच समजू लागतो. मलिक अंबरचेही तसेच झाले. त्याच्या लढाया पुस्तकात राहिल्या, पण औरंगाबादेत त्याने आणलेली नहर-ए-अंबरी लोकांच्या तोंडी राहिली, कारण त्या नहरीचे पाणी पिढ्यान्पिढ्या लोकांनी प्यायले.

हजरत साद बिन उबादा (रजि.) यांच्या आईचे निधन झाले तेव्हा त्यांनी प्रेषितांना (स.) विचारले की तिच्या नावे कोणता सदका सर्वांत चांगला. उत्तर मिळाले, पाणी. त्यांनी आईच्या नावाने विहीर खोदली. मदिन्यात रूमाची विहीर हजरत उस्मान (रजि.) यांनी विकत घेऊन सर्वांना मोकळी केली. सदका-ए-जारिया हा शब्द आपण अनेकदा ऐकतो. जारिया म्हणजे वाहता, चालू राहिलेला. दादींचे "अजून चालू आहे" हे शब्द त्याच्या किती जवळचे होते!

आपल्या मराठवाड्याला पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. 1972 चा दुष्काळ दादींनी पाहिला आहे. खडी फोडायच्या कामावरून आल्यावर घागरभर पाण्यासाठी आडाकाठी रांग लावत, रात्र तिथेच जात असे. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे तर थोरलीलाही आठवते. अशा मुलखात ज्याने तळे बांधले, ज्याने आड खोदला, त्याचे उपकार मोठे. आणि ज्याने त्यात कचरा टाकला, त्याला काय म्हणावे ते खंदकाकाठचे ते राखणदार जास्त चांगले सांगतील.

परतीच्या वाटेवर मुले झोपली. दादी जाग्या होत्या. आमच्या गावात मशिदीच्या आवारात एक जुना आड आहे. पूर्वी त्याच पाण्याने वजू होत असे. बोअर झाल्यापासून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. पालापाचोळा, जुन्या चटया, फुटक्या बादल्या सगळे त्यात पडते. नांदेड ओलांडल्यावर दादींनी एकदम विचारले, "त्या आडाचा गाळ काढायला किती लागेल?"

पुढच्या जुम्याला त्यांनी जमातीच्या लोकांकडे पहिले शंभर रुपये पाठवले. कोणाचे नाव लावायचे, असा प्रश्न निघाला. खोदणाऱ्याचे नाव गावात आता कोणालाच ठाऊक नाही, म्हणून कोणाचेही लावायचे नाही असे ठरले. शेजारच्या गल्लीतल्या पाटलांच्या घरून दोर आणि कप्पी आली, कारण त्यांची आजी याच आडावर पाणी भरायची. गेल्या आठवड्यात तीन दिवस काम चालले. आमचा धाकटा रोज शाळेतून आल्यावर काठावर बसून गाळाच्या बादल्या मोजायचा. एकशे बारा झाल्या आणि खाली ओल लागली. आणखी थोडे काम बाकी आहे. उन्हाळ्याआधी संपेल, इन्शाअल्लाह.